बोगदा, सिग्नल आणि झोपेतला श्वास

रात्रीच्या गाडीने मुंबईहून पुण्याकडे येण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. कर्जतला गाडी थांबते, मागे जादा इंजिने लागतात आणि गाडी सावकाश खंडाळ्याचा घाट चढू लागते. डब्यातले दिवे मालवलेले असतात. अशा वेळी खालच्या बर्थवरचे एखादे गृहस्थ घोरू लागतात. बोगद्यात गाडीचा आवाज वाढतो, घोरणे त्यात बुडून जाते. बोगदा संपतो आणि लक्षात येते की घोरणे थांबले आहे. आधी बरे वाटते. मग ती शांतता जरा लांबते. दहा सेकंद, वीस सेकंद. वरच्या बर्थवरच्या बाई उठून वाकून बघतात, "अहो, यांचा श्वास चालू आहे ना?" आणि तेवढ्यात ते गृहस्थ दचकल्यासारखे हलतात, मोठ्याने श्वास ओढतात, कूस बदलतात आणि पुन्हा घोरू लागतात. सकाळी विचाराल तर म्हणतील, "छान झोप लागली."

त्या वीस सेकंदांच्या शांततेचा इतिहास आज मला सांगायचा आहे. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याला वैद्यकात 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. हा शब्द आता आपल्याकडे वर्तमानपत्रांतून आणि दवाखान्यांतून बराच रुळला आहे. पण श्वास थांबतो तो नेमका कुठे, घशात की मेंदूत, हा प्रश्न सुटायला दोनशे वर्षांच्या आसपास काळ गेला. आणि उत्तर मिळाले तेव्हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारला होता असे दिसले. या कथेतला एक धागा खंडाळ्याच्या शेजारी, लोणावळ्यातून जातो.

आधी घाटाचाच दाखला घेऊ. भोर घाटातल्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले. साधारण १६ मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे, आणि हजारो मजुरांचे कष्ट. काम चालू असताना कितीतरी मजूर रोगराईने आणि अपघातांनी दगावले. एप्रिल १८६३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत खंडाळ्याला समारंभ झाला आणि मार्ग खुला झाला. आता विचार करा, या घाटात गाडी अडते ती किती कारणांनी? मुख्य कारणे दोन. एक तर वरून दरड कोसळते आणि बोगद्याचे तोंड बंद होते. इंजिन जोर लावते, पण वाट नसते. दुसरे म्हणजे वाट मोकळी असते, इंजिनही धडधाकट असते, पण सिग्नलच पडत नाही. 'लाइन क्लिअर' नाही, तर गाडी जागची हलत नाही.

झोपेतल्या श्वासाचेही असेच दोन प्रकार डॉक्टरांनी केले. घसा मिटतो, छाती आणि पोट हवा ओढण्यासाठी धडपडतात, पण हवा आत जात नाही, तो 'ऑब्स्ट्रक्टिव्ह' म्हणजे अडथळ्याचा प्रकार. दुसऱ्यात मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही. छाती हलत नाही, पोट हलत नाही, सगळे निवांत पडून राहते. तो 'सेंट्रल', म्हणजे मेंदूतल्या मध्यवर्ती केंद्राचा प्रकार. पहिल्यात दरड, दुसऱ्यात सिग्नल. विभागणी सोपी आहे, सुटसुटीत आहे, आणि पुष्कळ अंशी खरीही आहे. पण ती पुरी नाही.

आपल्याकडे झोप आणि घोरणे यांचा विषय निघाला की कुंभकर्ण आठवतोच. पण आपल्या जुन्या वैद्यांनी याकडे केवळ विनोद म्हणून पाहिलेले नव्हते. सुश्रुतसंहितेत अतिस्थूल माणसाची लक्षणे सांगताना धाप, फार भूक, फार झोप, घाम यांच्या जोडीला 'क्रथन' असा एक शब्द येतो. टीकाकारांनी त्याचा अर्थ एकाएकी श्वास अडणे, झोपेत घशातून घरघर येणे असा लावला आहे. म्हणजे लठ्ठपणा, दिवसाची झोप आणि रात्रीचा अडलेला श्वास ही तीन टोके त्यांच्या नजरेत एकत्र आली होती. मात्र हा झाला दरडीचा प्रकार, घशाचा. सिग्नलचा प्रकार ओळखीचा व्हायला फार काळ लागला.

तो प्रथम नीट नोंदवला गेला डब्लिनमध्ये. जॉन चेन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८१८ साली आपल्या एका साठ वर्षांच्या रुग्णाची हकीगत लिहिली. या माणसाचा श्वास सुमारे पाव मिनिट पूर्ण थांबे, मग हळूहळू सुरू होई, वाढत वाढत धापेपर्यंत जाई, पुन्हा उतरत उतरत थांबे. भरती-ओहोटीसारखा. डब्लिनमधल्याच विल्यम स्टोक्स यांनी १८५४ सालच्या आपल्या हृदयरोगावरच्या ग्रंथात याच लयीचे वर्णन केले आणि दुबळ्या हृदयाशी तिचे नाते दाखवले. आजही डॉक्टर या श्वासाला 'चेन-स्टोक्स' म्हणतात. अतिदक्षता विभागात आपल्या माणसाशेजारी रात्र काढलेल्या अनेकांनी तो पाहिलेला असतो, नाव ठाऊक नसले तरी.

सिग्नल कोण देतो, हेही त्याच शतकात कळले. फ्रान्समध्ये लगालवा या शरीरशास्त्रज्ञाने १८१२ साली आपले सशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदू वरून थोडा थोडा काढत गेले तरी श्वास चालू राहतो, पण मानेच्या वरच्या अंगाला, मेंदू आणि मज्जारज्जू जिथे जुळतात त्या लंबमज्जेतल्या एका ठिकाणी सुरी पोचली की श्वास तत्काळ थांबतो. स्टेशनमास्तरची खोली सापडली. पण स्टेशनमास्तर कशावरून ठरवतो की आता सिग्नल द्यायचा?

आपल्या सर्वांचा समज असा की शरीरातला प्राणवायू कमी झाला म्हणजे श्वास घ्यावासा वाटतो. ऑक्सफर्डच्या जे. एस. हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवले की नेहमीच्या परिस्थितीत हा निर्णय प्राणवायूवर नव्हे, कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. फुप्फुसाच्या वायुकोशांतला हा वायू अगदी किंचित वाढला तरी श्वास जोरात होतो. पुरेसा उतरला तर श्वास थांबतो. चार वर्षांनी, १९०९ मध्ये, हाल्डेन आणि डग्लस यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट माणसाने काही वेळ मुद्दाम जोरजोरात श्वास घेतला, की त्यानंतर त्याचा श्वास आपोआप बंद राहतो, आणि पुन्हा सुरू होताना तो चेन-स्टोक्ससारखा, लाटांनी येतो. म्हणजे त्या मरणासन्न रुग्णाची लय निरोगी माणसातही निर्माण करता येते. रोग केवळ मेंदूच्या दुबळेपणात नाही, तर वायूच्या हिशेबात आहे, हे त्यातून दिसले.

आता खंडाळ्याच्या पुढचे स्टेशन, लोणावळा. तिथे ऑक्टोबर १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचे मानकरी, पुढे अमळनेरला शिक्षक, आणि माळसरच्या माधवदासजींचे शिष्य. योगावर त्यांची श्रद्धा होतीच, पण ती मोजून पाहायला त्यांची ना नव्हती. संस्था काढण्याआधीच त्यांनी बडोद्यात क्ष-किरणांच्या मदतीने उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास केला होता. 'योगमीमांसा' हे त्यांचे नियतकालिक संस्थेबरोबरच सुरू झाले, आणि त्यात ग्रंथांच्या चर्चेइतकीच जागा दाबाच्या आणि वायूच्या आकड्यांना मिळाली.

त्या काळी, आणि खरे तर आजही, सर्रास सांगितले जाई की प्राणायामाने शरीरात भरपूर प्राणवायू जातो. कुवलयानंदांनी यावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. तीसच्या दशकात 'योगमीमांसे'त प्राणायामातल्या प्राणवायूच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापांवर लेख आले. त्याच दशकात येल विद्यापीठाचा कोवूर बेहानन हा मूळ केरळचा मानसशास्त्रज्ञ लोणावळ्याला येऊन शिकला आणि १९३७ साली त्याचे योगाच्या शास्त्रीय परीक्षणावरचे पुस्तक निघाले. १९५७ मध्ये कुवलयानंद आणि डॉ. करंबेळकर यांनी कपालभाती आणि इतर प्रकारांत वायुकोशातल्या हवेचे काय होते, याची मोजमापे प्रसिद्ध केली. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत रूढ झालेली 'वायुकोशातली हवा' ही कल्पना लोणावळ्याच्या आश्रमात येऊन पोचली होती.

कुवलयानंद १९६६ साली गेले. त्यानंतर करंबेळकर, विनेकर आणि भोळे या त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून केलेला अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला. भूगर्भसमाधीबद्दल आपल्याकडे किती अद्भुत कथा असतात! इथे मात्र खड्ड्यातल्या हवेचे नमुने घेतले जात होते. कोंडलेल्या जागेत माणसाचा जीव आधी घाबरा करतो तो साठत जाणारा कार्बन डायऑक्साइडच. हाल्डेनचा स्टेशनमास्तर सह्याद्रीच्या खड्ड्यातही तोच नियम पाळतो.

या प्रयोगांचा आपल्या विषयाशी संबंध काय? दोन क्रिया डोळ्यांपुढे आणा. कपालभाती केल्यावर काही क्षण श्वास घ्यावासाच वाटत नाही. का? कारण आपण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकलेला असतो आणि सिग्नल लांबतो. हा क्षणभराचा, निरुपद्रवी 'सेंट्रल' विराम आहे. दुसरी क्रिया उज्जायी. तीत आपण गळ्याशी वाट मुद्दाम थोडी अरुंद करतो, आणि घर्षणाचा मंद आवाज येतो. म्हणजे सिग्नल आणि बोगदा, दोन्ही गोष्टी जागा माणूस आपल्या इच्छेने थोड्याफार हाताळू शकतो. लोणावळ्याचे हे सगळे अभ्यास जागेपणाचे होते. झोपेत मात्र हाताळणारा जागेवर नसतो, आणि तिथूनच आपली कथा पुढे जाते.

जागेपणी श्वासाला दुहेरी आधार असतो. एक लंबमज्जेचा आपोआप चालणारा कारभार आणि दुसरा जागेपणाचाच एक रेटा. १९६२ साली अमेरिकेत सेव्हरिंगहाउस आणि मिचेल यांनी तीन रुग्णांचे वर्णन केले. मानेच्या वरच्या भागात आणि लंबमज्जेजवळ शस्त्रक्रिया झालेले हे रुग्ण "श्वास घ्या" म्हटले की घेत. एरवी विसरत, आणि झोपले की थांबत. या अवस्थेला त्यांनी 'ऑन्डीनचा शाप' असे जलपरीच्या एका युरोपीय कथेतले नाव दिले. अशी उदाहरणे विरळा. पण त्यांनी दाखवलेली गोष्ट सर्वांना लागू आहे. झोप लागली की जागेपणाचा रेटा जातो आणि श्वास जवळजवळ पूर्णपणे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबावर उरतो. विस्कॉन्सिनच्या स्कॅटरुड आणि डेम्प्सी यांनी १९८३ साली हे मोजून दाखवले. झोपेत हा वायू काही थोड्या मिलिमीटरने खाली आला की श्वास थांबतो. जागेपणी तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही.

आता घशाकडे येऊ. १९५६ साली बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अतिलठ्ठ उद्योजकाची गोष्ट लिहिली. हे गृहस्थ दर आठवड्याला पोकर खेळत. एका रात्री त्यांच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि असा डाव हातात असताना ते झोपी गेले! तेव्हा कुठे त्यांना वाटले की डॉक्टरकडे जावे. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा सदा पेंगणारा लठ्ठ पोऱ्या आहे, त्यावरून या रोगाला 'पिकविकियन' नाव पडले. तरीही डॉक्टर रुग्णाला दिवसाच तपासत होते. रात्री, झोपेत, श्वासाचा आलेख काढावा हे १९६५ च्या सुमारास जर्मनीत युंग आणि कूलो यांना, तर फ्रान्समध्ये गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुचले. आलेख निघाला आणि दिसले की हे रुग्ण दिवसा पेंगतात, कारण रात्रभर त्यांची झोप शेकडो वेळा मोडते. गास्तो यांच्या गटाने श्वास थांबण्याचे तीन प्रकार नोंदवले. घशाचा, मेंदूचा, आणि तिसरा मिश्र, म्हणजे सुरुवातीला छाती शांत आणि शेवटी धडपड.

हा तिसरा प्रकार खरे तर पुढच्या सगळ्या उलगड्याची किल्ली होता. आधी सिग्नल नाही, आणि सिग्नल पडला तेव्हा बोगदा बंद! पण विभागणी एकदा पक्की झाली की मिश्र गोष्टींकडे माणूस जरा दुर्लक्षच करतो.

उपचारही विभागणीप्रमाणे निघाले. घसा बंद होतो ना, मग घशाखाली भोक पाडा. १९६९ साली कूलो यांनी श्वासनलिकेला छेद देऊन रुग्णांना आराम दिल्याचे प्रसिद्ध केले. उपाय गुणकारी, पण जन्मभर गळ्यात नळी घेऊन कोण हिंडणार? १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांवरचा वेगळा उपाय मांडला. नाकावर मुखवटा, आणि त्यातून सतत थोड्या दाबाने हवा. घसा आतून फुग्यासारखा उघडा राहतो. हेच आजचे सीपॅप यंत्र, जे आता आपल्याकडच्या पुष्कळ घरांत उशाशी दिसते.

तर्क असा की हे यंत्र दरडीसाठी आहे. सिग्नलच्या रोगावर ते कसे चालेल? पण १९८६ मध्ये इसा आणि सलिव्हन यांनी दाखवले की काही रुग्णांत 'सेंट्रल' म्हणून नोंदलेले थांबेही नाकातून हवेचा दाब दिल्यावर नाहीसे होतात. बोगदा टेकू देऊन उभा केला आणि सिग्नल पडू लागला, असाच हा प्रकार. याचा अर्थ काय?

उत्तराचा मोठा भाग १९९५ साली मिळाला. विस्कॉन्सिनमध्ये सफ्वान बद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत ते स्कॅटरुड आणि डेम्प्सीही होते, झोपलेल्या माणसाच्या नाकातून बारीक दुर्बीण घशापर्यंत सोडली. 'सेंट्रल' प्रकारात घशात काय होते ते प्रत्यक्ष पाहायचे होते. तोवरचा समज असा की घसा मिटतो तो छातीच्या ओढीने. भिजलेल्या कागदाच्या नळीतून जोरात ओढले की ती आत चिकटते, तसा. मग छाती ओढतच नसेल, तर घसा उघडाच राहायला हवा. प्रत्यक्षात दिसले ते उलट. श्वासाचा हुकूम थांबला, छातीची ओढ शून्य, आणि तरीही घसा आकसत गेला. काही वेळा तो पूर्ण मिटला.

इथे आपला घाटाचा दाखला तोकडा पडतो, मित्रहो. घाटातला बोगदा खडकाचा आहे. गाडी येवो न येवो, तो तसाच उभा राहतो. घसा मांसाचा आहे. जिभेमागे, पडजिभेमागे जी पोकळी आहे तिला हाडाची किंवा कूर्चेची कमान नाही. गिळणे आणि बोलणे या दोन्ही कामांसाठी तिला मऊ राहावे लागते. ती उघडी ठेवतात भोवतालचे स्नायू, आणि त्या स्नायूंनाही हुकूम जातो तो मेंदूच्या त्याच परिसरातून. छातीला सिग्नल थांबला की घशाच्या स्नायूंचाही पहारा ढिला पडतो. सिग्नल पडला नाही तर बोगदाही हळूहळू मिटतो, असा हा विलक्षण घाट आहे.

आणि एकदा घसा मिटला की ओल्या पृष्ठभागांना एकमेकांपासून सोडवायला जास्त जोर लागतो. श्वासाचा हुकूम परत आला तरी हवा लगेच जात नाही. धडपड होते, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा झटक्याने उघडतो, आणि जागेपणाच्या भरात चार-पाच मोठे श्वास घेतले जातात. त्या मोठ्या श्वासांनी कार्बन डायऑक्साइड खाली उतरतो. झोप पुन्हा लागते, आणि उतरलेल्या वायूमुळे सिग्नल पुन्हा थांबतो. म्हणजे मेंदूच्या थांब्यातून घशाचा अडथळा, आणि घशाच्या अडथळ्यातून मेंदूचा पुढचा थांबा. रहाटगाडग्यासारखे हे रात्रभर चालते. दोन वेगळे रोग म्हणून ज्यांची पाने वेगळी केली होती, ते बऱ्याच माणसांत एकाच साखळीचे दोन दुवे निघाले.

हा केवळ तज्ज्ञांचा वाद आहे असे समजू नका. कुठला दुवा कोणात बलवान आहे यावर उपचार ठरतो, आणि उपचार चुकला तर किंमत मोठी असते. २०१५ साली युरोपातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयाची पंपशक्ती कमी झालेल्या आणि मुख्यतः 'सेंट्रल' प्रकारचा त्रास असलेल्या १३२५ रुग्णांवर ती चाचणी झाली. प्रत्येक थांबा ओळखून आपोआप श्वास भरून देणारे एक हुशार यंत्र त्यांतल्या निम्म्यांना दिले होते. आलेख सुधारले, रात्रीचे थांबे कमी झाले. पण हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण यंत्र वापरणाऱ्यांत जास्त निघाले! त्यानंतर वेगळ्या प्रकारचे यंत्र वापरून झालेल्या दुसऱ्या चाचणीत हा धोका दिसला नाही, पण आयुष्य वाढल्याचेही दिसले नाही. कागदावरची रेष सरळ झाली म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे, हा धडा वैद्यकाला फार महाग पडला. उलट बाजूही आहे. घशासाठी सीपॅप सुरू केल्यावर काही जणांत नव्याने 'सेंट्रल' थांबे दिसू लागतात. पुष्कळांत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, सर्वांत नाही. म्हणून यंत्र आणले, लावले, संपले, असे होत नाही. पुन्हा तपासणी लागते.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या ६५८ शहरी पुरुषांचा विचार केला होता. झोपेत श्वासाची गडबड असलेल्यांचे प्रमाण त्यांना १९.५ टक्के आढळले, आणि तीबरोबर दिवसाची पेंगही असलेल्यांचे ७.५ टक्के. यात बहुतांश त्रास घशाचा. निव्वळ 'सेंट्रल' प्रकार सर्वसाधारण लोकांत कमी. तो जास्त दिसतो हृदय दुबळे झालेल्यांत, पक्षाघातानंतर, अफूजन्य वेदनाशामके दीर्घकाळ घेणाऱ्यांत, आणि उंच प्रदेशात. लेह-लडाखला पहिल्या रात्री सोबत्याचा श्वास लाटांनी येताना आणि थांबताना पाहून आपले कितीतरी पर्यटक घाबरतात, तो हाच. तिथे विरळ हवेमुळे श्वास जोरात होतो, कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि सिग्नल चुकतो. खंडाळा-लोणावळ्याची साधारण सहाशे मीटरची उंची त्यासाठी पुरेशी नाही. तेव्हा खंडाळ्याच्या बंगल्यात श्वास थांबताना दिसला, तर दोष घाटाच्या हवेला देऊ नये.

पूर्वी डॉक्टर हवापालटासाठी खंडाळ्याला पाठवत. हवा चांगली, यात शंका नाही. पण स्वच्छ हवेला आत जायला वाट आणि आत घ्यायला हुकूम, दोन्ही लागतात. प्राणायामाविषयीही हेच म्हणावे लागेल. त्याचे फायदे आहेत, मन शांत होते, श्वासाचे भान येते. पण जागेपणी मिळवलेला ताबा झोपेत आपोआप उतरत नाही. निदान झालेल्या माणसाने यंत्र बाजूला ठेवून केवळ कपालभातीवर विसंबू नये. ज्या लोणावळ्यात प्राणायामाच्या अद्भुत दाव्यांना मापे लावली गेली, त्या परंपरेशीही ते सुसंगत होणार नाही.

मग काय करावे? सोपे आहे. घोरणे म्हणजे गाढ झोप, ही समजूत आधी सोडावी. झोपलेल्याला स्वतःचा थांबलेला श्वास कधीच दिसत नाही. तो दिसतो शेजारच्याला. बायकोला, आईला, मुलाला, वसतिगृहातल्या मित्राला. म्हणून या रोगात पहिली साक्ष घरच्या माणसाची. श्वास थांबतो का, साधारण किती सेकंद, थांबताना छाती-पोट धडपडते की अगदी शांत असते, मोठ्या श्वासाने दचकून जाग येते का, सकाळी डोके दुखते का, दिवसा गाडी चालवताना डुलकी येते का, एवढे टिपून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. पुढे रात्रभराच्या तपासणीत छातीला आणि पोटाला पट्टे बांधून, नाकाशी हवेचा प्रवाह मोजून, दरड की सिग्नल, की दोन्ही, ते पाहता येते. हृदयाचा आजार असेल तर तो आवर्जून सांगा. रात्रीची दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र टाळा; दारू घशाचा पहारा आणखी ढिला करते.

त्या रात्रीच्या गाडीकडे पुन्हा वळू. खंडाळा मागे पडते, गाडी लोणावळ्याला लागते, मागची इंजिने सुटतात. खालच्या बर्थवरचे गृहस्थ अजून घोरत आहेत, मधूनच थांबत आहेत. वरच्या बाईंनी वाकून जे पाहिले, तेच दोनशे वर्षांपूर्वी जॉन चेन यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून पाहिले होते. फरक इतकाच, की त्यांनी ते लिहून ठेवले. पुण्याला उतरताना त्या गृहस्थांना कुणी एवढेच सांगितले, "काका, रात्री तुमचा श्वास मधेमधे थांबत होता, एकदा दाखवून घ्या," तर कदाचित ते हसतील. पण घरी जाऊन बायकोला विचारतील, आणि ती म्हणेल, "मी तर किती दिवसांपासून सांगतेय!"